ज्यानं आणलं त्यानं चाखायचं

"सही करा मावशी, ट्रक खोळंबलाय!"

"ट्रकचे पाय दुखत नाहीत. उभा राहू दे."

"साडेअकराला बॉयलरवाल्यांचा माणूस येतोय. त्याच्या हातात कागद ठेवायचाय."

"कागद झकास आहे. माल खोटा आहे."

"माल खोटा म्हणजे काय? लाकूड आहे, जळतं. अजून काय पाहिजे तुम्हाला? पत्रिका जुळवायचीय का त्याची?"

"हो, जुळवायचीच आहे!"

हा निखिल. आमच्या यार्डाचा धाकटा मालक. हाफ चड्डीत असल्यापासून मी त्याला ओळखते, म्हणून अरेतुरे करते. आणि चारचौघांत अरेतुरे करते म्हणून तो माझ्यावर धुमसतो.

यार्ड आमचं तुर्भ्याला, एमआयडीसीत. जंगलातली वाळकी झुडपं, पालापाचोळा, करवतीचा भुसा असला माल इथे येतो. तो बारीक करून, मशीनमध्ये दाबून त्याच्या मनगटाएवढ्या कांड्या काढायच्या. त्यांना ब्रिकेट म्हणतात. कारखान्यांच्या बॉयलरला त्या कोळशाऐवजी जातात. आलेला माल चांगला की वाईट हे सांगणारी यार्डात एकच, ती मी. मथुरामावशी. वय बहात्तर, शिक्षण चौथी, दात सगळे स्वतःचे.

आणि कागद म्हणजे काय, तर दाखला. त्यावर छापलंय की हा सगळा माल अमुक वाडीच्या डोंगरातला, टणटणीची झुडपं आणि वाळका पाला, जिवंत झाड एकही तोडलेलं नाही. खाली माझ्या सहीची जागा. बॉयलरवाले म्हणजे एक मोठा कारखाना. ते वर्षभर माल घेणार, पण अट अशी की मालाचा पहिला हप्ता पुरा भरला पाहिजे आणि कागदावर मथुराबाईंची सही पाहिजे. मालकाची चालत नाही! ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

वाडीच्या बायांनी सहा टेम्पो टणटणी खरोखरच आणलीय. तीन आठवडे खपल्यात. त्यांची पुढारीण हिरा कालपासून यार्डातच आहे, दाराशी पोत्यावर बसून आमचं भांडण ऐकतेय. पण सहा टेम्पोंनी हप्ता भरत नाही. म्हणून निखिलने आज कुठूनसा हा ट्रक आणवला, नुसते ओंडके. आणि तेही त्याच कागदावर, त्याच वाडीच्या नावाने घुसवले. मी सही केली तर खोट्यावर केली. नाही केली तर कागद गेला, आणि कागदाबरोबर हिराचे सहा टेम्पो आणि तिच्या वाडीचं वर्षभराचं काम गेलं.

निखिलचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेलाय. मला बसवत नाही. खुर्चीतून उठते, दारापर्यंत जाते, परत येते. डोकं सतरा ठिकाणी धावतंय. किश्श्यांचं ओल्या भुशासारखं असतं. ढीग वरून थंडगार, आणि आत हात घातला की चटका! असा ढीग वेळच्या वेळी उकरावा लागतो, नाहीतर एक दिवस आपण होऊन पेट घेतो. माझा ढीग पंचवीस वर्षांचा आहे. निखिल येईपर्यंत उकरून घेते.

\*\*\*

तेव्हा आप्पा होते, निखिलचे वडील. लाकडाची वखार मोडून त्यांनी नुकतंच ब्रिकेटचं मशीन घेतलं होतं. मी गोणपाट शिवायला होते.

एक दिवस मशीन किंचाळलं आणि बसलं. आतला साचा पार घासून गेलेला. मेकॅनिक म्हणाला मशीन खराब, मशीन विकणारा म्हणाला मेकॅनिक खराब. मी सुई बाजूला ठेवली, उठले आणि भुशाची चिमूट तोंडात टाकली. दाताखाली करकर!

"आप्पा, ह्यात वाळू आहे. वजनाला घातलीय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"डाळीतला खडा कुणाला कळतो? मशीनवाल्याला की बाईला?"

भुसा आणणारा मुन्ना ड्रायव्हर तिथेच होता. छातीवर हात ठेवून म्हणाला, "माँ कसम मावशी, एकदम प्युअर माल!"

"प्युअर ना? मग खा."

सगळं यार्ड गोळा झालं. मुन्नाने चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चावायला लागला. करकर मला चार हातांवरून ऐकू येत होती. पण गडी हार मानेना!

"कसाय?" आप्पांनी विचारलं.

"मस्त आहे शेठ," मुन्ना म्हणाला, "जरा कुरकुरीत आहे!"

त्या दिवशी मी वजनकाट्याच्या केबिनच्या दारावर खडूने लिहिलं, 'ज्यानं आणलं त्यानं चाखायचं.' पुढे आप्पांनी ते ऑइलपेंटने रंगवून घेतलं. कायदाच झाला तो. कुणीही येवो, कितीही मोठा व्यापारी असो, मालाच्या मधली चिमूट काढायची आणि माझ्यासमोर चावायची. वाळू, माती, रंग मारलेलं प्लायवूड, सगळं तोंडावर दिसतं. माल खोटा असला की माणूस चावायच्या आधीच हसायला लागतो.

मुन्ना अजून आमच्याकडे माल आणतो. गेटमधून गाडी आत घेतो तीच मुळी जीभ बाहेर काढून!

\*\*\*

माल बघायला लागले तशी मी शिकायलाही लागले. कुणी शिकवलं नाही. लॅबचा रिपोर्ट यायचा इंग्रजीत; मी तो घरी न्यायची, डिक्शनरी घेऊन बसायची. बॉयलर बघायला गेले की त्याच्यावरच्या पाट्या वाचायची. मी घडाघड वाचलेलं पहिलं इंग्रजी वाक्य म्हणजे 'डेंजर, डू नॉट ओपन'.

आप्पा म्हणाले, "मथुरा, ही पाटी तिथे कशाला वाया घालवतायत? तुझ्या गळ्यात अडकवायला पाहिजे."

\*\*\*

मग निखिलने तन्मय आणला. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, ती सोडून पर्यावरणासाठी काहीतरी करायचं म्हणून आलेला. पोरगा चांगला. त्याच्या हातात एक यंत्र होतं, दोन सुया टोचल्या की लाकडात ओल किती ते आकड्यात सांगणारं.

ओल हा आमच्या धंद्याचा वैरी नंबर एक. लाकूड ओलं असलं की अर्धी आग त्याचं स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते. कारखान्याला वाफ मिळते थोडी, शेजाऱ्यांना धूर भरपूर!

पहिल्याच दिवशी बाभळीचा माल आला. तन्मयने सुया टोचल्या, आकडा बघितला. "पास!"

मी एक काटकी मोडली, दाताने सोलली. "नापास."

"मावशी, यंत्र सांगतंय."

"यंत्राने सालीला विचारलं. साल उन्हात दोन दिवस बसलीय, ती कोरडीच सांगणार. गाभ्याला विचार."

कोयता मागवला, लाकूड मधोमध फोडलं. गाभा असा चिंब की बोट ओलं झालं. तन्मयचं तोंड बघण्यासारखं! पण पोरगा हुशार, हार मानली नाही. दुपारी मी डबा उघडला तर हा यंत्र घेऊन हजर. काही बोलायच्या आत माझ्या भाकरीत सुया टोचल्या आणि आकडा बघून ओरडला,

"मावशी, रिजेक्ट! तुमची भाकरी ओली आहे!"

मी म्हटलं, "म्हणून तर तिला खातात, बाळा. जाळत नाहीत."

तेव्हापासून आमची दोस्ती. आता तो आधी दात लावतो आणि मग सुया. यंत्र चुकतंय का ते तपासायला!

\*\*\*

हिराची आणि माझी ओळख टणटणीमुळे झाली. पनवेलच्या पुढे डोंगरात तिची वाडी आहे. टणटणी म्हणजे ते काटेरी झुडूप, बारीक गुलाबी-पिवळी फुलं येतात ते. परदेशातून बागेत लावायला आणलं आणि अख्खं जंगल गिळून बसलं. त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही, उन्हाळ्यात वणवा लागला की ते आधी भडकतं. जंगलखात्यालाही ते नको. म्हटलं, हे जर बॉयलरला चाललं तर डोंगर मोकळा, कोळसा वाचला, बायांना काम. ह्याहून सोन्यासारखं काय असतं?

वर चढून गेले. दहाबारा बाया अंगणात जमल्या. मी भाषण ठोकलं. हिरा खांबाला टेकून उभी, हातात भाजीचा चाकू. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"मावशे, शेली सगला खाती. कागद खाती, दोरी खाती, एकदा माजा पदर खाल्लान. पन टनटनी खात नाय. आनि तुजा बॉयलर ती खातो?"

"खातो."

"मंग तो शेलीपेक्षा उपाशी हाय!"

बाया हसून हसून बेजार. पण दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन डोंगरात गेल्या.

पहिला टेम्पो भरून खाली आला तेव्हा मी गेटवर नारळ घेऊन उभी. टेम्पो केवढा उंच भरलेला, वरून दोर बांधलेले, वाटेतल्या केबल तोडत आलेला! काट्यावर चढवला. काट्यावरचा माणूस केबिनमधून डोकं बाहेर काढून म्हणाला,

"मावशी, माल कधी भरताय?"

नुसती हवा आणली होती आम्ही! झुडूप फुगतं, वजन काही नाही. डिझेल जाळून डोंगरावरचा वारा तुर्भ्याला आणला. जंगलातल्या इंधनाचं हे दुखणं सभेत कुणी सांगत नाही. इंधन डोंगरभर पसरलंय, मूठमूठ. त्याला गोळा करणं, दाबणं, आणणं ह्यातच निम्मा जीव जातो.

आठवडाभर मला झोप नाही. मग सुचलं, गुरांचा कडबा कापायचं मशीन वर चढवायचं. कडबाकुट्टी. तिथेच तुकडे करायचे, पोत्यात ठासायचे. मशीन वर गेलं. टणटणीचे काटे हाताला ओरबाडतात म्हणून मी बायांना चामड्याचे हातमोजे नेऊन दिले, जाडजूड, डझनभर. महिन्याने बघायला गेले तर एकीच्याही हातात मोजा नाही. सगळ्यांच्या हातांवर ओरखडे, काही जुने, काही ताजे.

मी भडकले. "मोजे कुठायत?"

हिरा शांतपणे म्हणाली, "ठेवल्यात जपून. एवढ्या चांगल्या वस्तूला काटं लागतील ना!"

\*\*\*

मी राहते कोपरखैरण्याला, सोसायटीत. महापालिकेची माणसं उन्हाळ्यात झाडांची छाटणी करतात आणि फांद्या रस्त्याकडेला पडून राहतात. माझ्याच्याने ते बघवत नाही. तुकडे केले आणि टेरेसवर वाळत घातले.

सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. "काकू, टेरेस कॉमन आहे. तुम्ही इथे जंगल केलंय!"

"जंगल नाही हो, वीज आहे ती. अजून झाली नाही एवढंच."

लगेच व्हॉट्सअॅपवर मेसेज, 'काही सभासद टेरेसचा गैरवापर करत आहेत.' काही सभासद म्हणजे मी एकटी! मी उत्तर पाठवलं, 'ते सभासद वाळल्यावर खाली आणतील.' त्यावर कुणीतरी हात जोडले, कुणीतरी दात काढले.

मग गणपतीत, ऐन दुपारी, माझ्या दाराची बेल. सेक्रेटरीणबाई. घरात वीसएक पाहुणे, मोदकांचं पातेलं चढवलेलं आणि सिलिंडर संपलेला. आवाज अगदी बारीक.

"काकू, तुमच्याकडे ते... ब्रिकेट असतं ना? एखादं मिळेल का?"

माझ्या शेगडीवर मोदक उत्तम झाले. टेरेसचा विषय पुन्हा निघाला नाही. एक मोदक मात्र मी चाखून बघितला, समोर त्यांना उभं करून. सवय!

\*\*\*

वाशीला एकदा मोठी सभा होती. 'जंगलातून ऊर्जा' असलं काहीतरी. एसी हॉल, गळ्यात ओळखपत्रं. निखिल मला घेऊन गेला आणि दारातच म्हणाला, "मावशी, फक्त ऐकायचं हं." असं सांगून मला कुणी नेऊ नये!

स्टेजवर एक साहेब पडद्यावर बाण काढून दाखवत होते. झाड जळलं की धूर हवेत, तोच धूर नवं झाड पिऊन टाकतं, हिशेब चुकता. म्हणजे जंगल हे न संपणारं इंधन!

मी उभी राहिले. "साहेब, एक विचारू?"

निखिलने कपाळ धरलं.

"ओंडका माझ्या बॉयलरमध्ये किती वेळात जळतो माहितीय? मी चहा पिऊन होईपर्यंत. आणि तेवढं झाड परत व्हायला?"

"काही दशकं लागतात, आजी. पण सायकल पूर्ण होते."

"होते ना? कुणाच्या हयातीत? माझ्या की तुमच्या नातवाच्या?"

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब म्हणाले, "म्हणूनच आम्ही फक्त पडलेला पाला आणि वाळक्या फांद्या घ्या म्हणतो."

"त्यातलाही सगळा नाही. डोंगराला अंथरूण नको का? सगळा झाडून आणला तर पहिल्या पावसात माती खाली. निम्मा त्याचा, निम्मा आपला. आणि वाढतेय म्हणून नाही, नकोय म्हणून तोडायची ती टणटणी. एवढंच आहे जंगलातलं इंधन. फार नाही. आहे ते मात्र खरं आहे."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मी मान ताठ करून बसले.

चहाच्या वेळी मला दारामागे घरघर ऐकू आली. जाऊन बघते तर डिझेलचा जनरेटर, काळा धूर ओकतोय. वीज गेली होती म्हणे, हॉल त्याच्यावर चाललेला. मी आयोजकाला विचारलं, "अहो, सभा कशावर आणि जनरेटर कशावर?"

तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "आजी, कार्यक्रम महत्त्वाचा आहे. बायोमासवर एवढी रिस्क कशी घेणार?"

\*\*\*

आता हा किस्सा मी सांगत नाही सहसा. पण ढीग उकरायला घेतलाच आहे, तर हाही निघणारच.

माझा जन्म खाडीकाठच्या गावातला. आता तिथे टॉवर आहेत. बाप मिठागरात होता. आमच्या भाकरीला मीठ घालावं लागत नसे, हाताचं पुरायचं. शेळ्या भरतीच्या पाण्यातून जाऊन तिवराची पानं खायच्या, आणि आम्ही पोरं त्यांच्याबरोबर. तिवर म्हणजे खाडीतलं झाड, चिखलातून मुळं वर काढून उभं असतं. खारं पाणी पितं आणि मीठ पानांवर घाम आल्यासारखं सोडतं. पान जिभेला लावलं की चटपटीत! आमचं चिंचा-बोरांसारखं होतं ते.

तर काही वर्षांपूर्वी आम्हाला माल कमी पडत होता. एका व्यापाऱ्याने लाकूड आणलं. खडखडीत वाळलेलं, वाळू नाही, माती नाही. त्याने चाखलं, मीही चाखलं. फर्स्टक्लास! मी पास केलं.

चार दिवसांनी रबाळ्याच्या एका लॉण्ड्रीतून बॉयलर चालवणाऱ्या सावंतांचा फोन. "मथुराबाई, इकडे या. काच निघालीय."

"कसली काच?"

"तुमच्या लाकडाची!"

गेले. भट्टीत जिथे राख पडायला हवी तिथे काचेसारख्या हिरवट-काळ्या लाद्या. जाळी बुजलेली, नळ्यांना खड्डे. पहारीने फोडून काढत होते. सावंत म्हणाले, "ह्यात मीठ होतं. मिठाने राख वितळते आणि लोखंड खाल्लं जातं. खाडीतलं लाकूड होतं हे. तिवर! तुम्हाला चाखून कळलं नाही?"

नाही कळलं. अख्ख्या नवी मुंबईत जिच्या जिभेची शपथ घेतात तिला कळलं नाही. घरी येऊन मी आरशापुढे उभी राहिले आणि स्वतःची जीभ बघितली. तिला ते मीठ परकं लागलंच नव्हतं. जन्मापासून तीच तर चव! खाडीचं लाकूड खाडीच्या बाईने चाखलं, आणि तिला ते गोडच लागलं.

ज्याने ते आणलं तोही आमच्याच बाजूच्या गावचा होता.

दुसऱ्या दिवशी सावंतांना जाऊन सांगितलं, चूक माझी. ते म्हणाले, "जाऊ द्या हो. एवढ्या वर्षांत एकदाच तर झालं."

एकदा पुरे असतं.

\*\*\*

निखिल फोन संपवून आला तो तावातावाने. "निघालाय तो माणूस. दहा मिनिटांत इथे. मावशी, आता बास."

"लाकूड कसलं आहे?"

"सुबाभूळ. मिक्स. जंगली."

"मला तिवर दिसतंय."

"साल काढलेले ओंडके बघून तिवर दिसतंय?"

"आणलंस कुठून?"

"द्रोणागिरीकडून एक सप्लायर आहे..."

"द्रोणागिरीला कुठलं जंगल रे? तिथे गोदामं आहेत आणि खाडी आहे."

मी बाहेर आले. ट्रकवर मुन्ना होता. आमचा जीभ बाहेर काढून येणारा मुन्ना! आज काच वर करून केबिनमध्ये बसलेला. मी काचेवर टकटक केली. त्याने बोटभर खाली घेतली.

"उतर. चाखायचंय."

"मावशी, मी फक्त गाडी चालवतो ना..." आणि माझ्याकडे न बघता काच वर.

पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. मला माझं उत्तर तिथेच मिळालं होतं. पण निखिल मागून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला,

"आणि तुमच्या चाखण्याचं कौतुक मला सांगू नका. त्या लॉण्ड्रीचा बॉयलर कुणाच्या जिभेने बंद पाडला? तिवर तुम्हाला तोंडात घालून कळलं नव्हतं, आता लांबून कळायला लागलं?"

तन्मय मान खाली घालून उभा.

तेवढ्यात हिरा पोत्यावरून उठून जवळ आली. माझा हात धरला. तिचे तळवे माझ्या हाताला खरबरीत लागले.

"मावशे, कर ना सही. बायांनी तीन आठवडं हात फाडून घेतल्यान. आमचा माल तर खरा हाय. परत काय तोंड घेऊन जाऊ मी वर?"

"बघा!" निखिल म्हणाला. "ह्यांचा तरी विचार करा. सगळा माल ह्यांच्याच वाडीच्या नावावर आहे. हिराताई, सांगा मावशींना. तुमच्याच डोंगरातलं लाकूड आहे ना हे? नुसतं हो म्हणा, संपलं."

हिराने माझा हात सोडला.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं कुणास ठाऊक. मी ट्रकच्या मागे गेले, फळीवर पाय ठेवून वर चढले. तन्मय "अहो, पडाल!" म्हणून धावला. ओंडक्यांच्या खाली हात घातला. घाईत भरलेला माल, डहाळ्या राहतातच. एक ओढून काढली. चार पानं शिल्लक होती, वरून हिरवी, खालून राखाडी. त्यातलं एक तोडून खाली आले.

"माझी जीभ नको ना? बरोबर आहे. माझी जीभ खाडीची आहे, तिचा भरवसा नाही. मुन्ना उतरत नाही. कागदावर माल कुणाचा आहे, निखिल?"

"हिराताईंच्या वाडीचा. सांगितलं ना."

"मग दारावर काय लिहिलंय ते वाच."

त्याने वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती, ते वाचतच तो मोठा झालाय.

मी पान हिरापुढे धरलं. तिने 'हो' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही माहीत नाही. सही केली असती बहुतेक. तिच्या हातांकडे बघून केली असती.

"पोरी, तू आणलंयस असं कागद म्हणतो. चाख आणि सांग."

हिराने पान घेतलं. पुसलं नाही, झटकलं नाही. तोंडात घातलं. यार्डातलं मशीन कुणीतरी बंद केलं होतं. ती सावकाश चावत होती, आणि चावता चावता तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे तिचे सहा टेम्पो रिकामे झाले होते, टणटणीची पोती एकावर एक रचलेली, तोंडं सुतळीने शिवलेली. निखिल पेन उघडून तयार होता. गेटवर हॉर्न वाजला, बॉयलरवाल्यांचा माणूस आला होता.

हिराने चोथा तळहातावर काढला, नीट बघितला, आणि निखिलला म्हणाली,

"शेठ, आमच्या डोंगराला भरती येत नाय."